कॅनॉलच्या काठचा संदेष्टा

मानोऱ्याजवळच्या आमच्या खेड्यात येशूला मानणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. पास्टर महिन्यातून एकदा वाशीमहून मोटारसायकलवर येतात, बाकीच्या रविवारी आमच्या ओसरीत वचन मीच सांगते. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. आमचे हे म्हणतात, "तुले बोलायले लावा नाई लागत, थांबवा लागते."

त्या वर्षी माझी धाकटी बहीण नवऱ्यासोबत दूर ऊसतोडीला गेली होती. थंडीत तिचं लेकरू तापानं गेलं. नुकतं पावलं टाकायला लागलं होतं हो! गावी आणणं कुठलं, फडाजवळच कॅनॉलच्या काठी पुरलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात कोयता. हंगाम संपल्यावर ती ट्रकमधून उतरली तेव्हा भांडी होती, गोधड्या होत्या, कडेवर कोणी नव्हतं.

घरी आल्यापासून ती कोणाशी बोलेना. ताट समोर ठेवलं की नुसती पाहत बसे. तिचा नवरा रडकुंडीला येऊन मला म्हणाला, "बाई, तुमी साऱ्यायले सांगता, हिले दोन शब्द सांगा न. अशानं हेबी जाईन."

म्हणून त्या रविवारी मी मुद्दाम बायबलातला एका संदेष्ट्याचा पाठ काढला. परक्या मुलखात, बाबेलात धरून नेलेल्या यहुद्यांमधल्या एकाला तिथल्या कालव्याकाठी देवानं हाक मारली, शोकाचे शब्द लिहिलेली गुंडाळी खायला लावली आणि सांगितलं, जा, तुझ्या लोकांशी बोल, ते ऐकोत की न ऐकोत. तो गेला, आणि आठवडाभर त्यांच्यात सुन्न बसून राहिला. मला वाटलं, देवाचा माणूससुद्धा मुका होतो हे ऐकून तिला धीर येईल. काय शहाणी मी!

आमच्याकडे वचन झालं की प्रत्येकानं साक्ष द्यायची. कोणी म्हैस बरी झाल्याचं सांगतं, कोणी पोराला काम लागल्याचं. फिरत फिरत तिची पाळी आली. राहू द्या, असं मी म्हणणार, तोच शेजारच्या म्हातारीनं तिचा गुडघा दाबला. "बोल वं माय, मोकळी हो."

आणि ती बोलली. मला वाटलं, देवा, सुटली एकदाची पोरगी! ती माझ्याकडेच बघत होती.

"बाई, तो मानूस मंग वापस आला का घरी?"

"नाई वं. तसं कुठंच लिहेल नाई. त्या लोकायपाशी तिथंच राह्यला."

"कॅनॉलपाशी?"

"हो."

तिनं मान खाली घातली.

"मी तं आली वं," ती म्हणाली. "लेकराले तिथं एकटं सोडून मी ट्रकमंदी बसली, अन् घरी आली."