शेणाच्या शेगडीवरचा भात

तुमिनाहला काहीही बोला, ती हसून सोडून द्यायची. तिच्या गाईला बोला, तिच्या भसाड्या आवाजाला बोला, चालायचं. शेगडीला मात्र नावं ठेवायची नाहीत. समुद्रापलीकडच्या मुलखात, मेर्बाबू डोंगराच्या उतारावरच्या त्या वाडीत गोबरगॅस सगळ्यांत आधी तिच्याकडे आला. तिच्या नवऱ्यानं, पार्जाननं, गोठ्यामागं स्वतः खड्डा खणला, टाकी बांधून घेतली, नळी स्वयंपाकघरात आणली. त्याआधी लाकडाच्या धुरानं खोकून खोकून बाईचा जीव मेटाकुटीला यायचा. वाडीत लोक ज्याला खरबूज म्हणतात तो बुटका हिरवा सिलिंडर कधी मिळायचा, कधी हात हलवत परत यावं लागायचं. शेगडी पेटली आणि वर्षभरात तुमिनाहचा खोकला गेला. मग ती कशाला कुणाचं ऐकून घेते.

आता आपल्याकडे शेणाचं कुणाला काही वाटत नाही. या लोकांत शेणाचा शिंतोडा उडाला तर कपडा धुतल्याशिवाय माणूस नमाजाला उभा राहत नाही. तेव्हा गल्लीत कुजबुज झाली आणि प्रकरण मशिदीतल्या म्हाताऱ्या मौलवींपर्यंत गेलं. ते म्हणाले, "अहो, भांड्याला जाळ लागतो, शेण नाही. खुशाल खा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हो हो, बरोबर आहे, असं म्हणत आपापल्या घरी गेले.

इथंच तुमिनाह फसली. या मुलखात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. 'हो' हा नुसता शिष्टाचार. तिचा स्वतःचा जन्म असंच गोड हो हो करण्यात गेला होता; दुसऱ्यांचं 'हो' मात्र तिला खरं वाटलं. काय म्हणावं या बाईला!

पुढं पार्जान गेला. चाळिसाव्या दिवसाला, शंभराव्याला, वर्षाला तिनं रीतीप्रमाणं जेवण घातलं. म्हणजे गल्लीतले पुरुष येऊन दुवा मागतात, आणि जाताना घरचे प्रत्येकाच्या हातात नारळाचा भात नि कोंबडीचा डबा देतात. त्याला बरकत म्हणतात. घरी जाऊन सगळ्यांनी तो वाटून खायचा, की मेलेल्याला पुण्य पोचतं. तुमिनाहनं प्रत्येक वेळी सगळं त्याच शेगडीवर रांधलं. त्यानं पेटवलेला जाळ, त्याच्याच नावाचा भात. दुसऱ्या दिवशी लोक भेटले की म्हणायचे, "काय चव होती हो." ती भरून पावायची.

आता हजारावा दिवस आला होता. हे शेवटचं जेवण. यानंतर गेलेला माणूस मोकळा होतो. हे नीट पार पडावं, एवढीच तिची इच्छा उरली होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात गाय व्याली. त्या आनंदात तिनं भात केला, वर उकडलेलं अंडं ठेवून गल्लीत डबे वाटले, आणि दुपारी केळीची पानं मागायला पार्जानच्या चुलतबहिणीकडे, सरिंतेनकडे, परसदारानं गेली. बघते तर कोंबड्या तिच्या भातावर तुटून पडलेल्या. अंडंसुद्धा तसंच. सरिंतेन रिकामा डबा हातात धरून उभी.

"सांडला का गं?" तुमिनाहनं विचारलं. अजून तिला वाटत होतं, सांडलाच असेल.

सरिंतेननं डबा पाठीमागं लपवला.

"अगं, मी काय विचारतेय?"

"वहिनी, चिडू नका. मी एकटीच नाही. सगळेच..."

"सगळेच काय?"

"कुणाच्या घशाखाली उतरत नाही. शेणाचं ते शेणाचंच ना."

तुमिनाहनं विचारलं, "चाळिसाव्याचा?" सरिंतेननं मान खाली घातली. "शंभराव्याचा? तुझ्या सख्ख्यासारख्या भावाच्या नावाचा भात कोंबड्यांना घातलास आणि वर मला चव सांगायला आलीस? लाज नाही वाटली?"

आता सरिंतेनलाही लागलं. ती म्हणाली, "मला कशाला लाज? दादालाच जात नव्हतं, तर आम्हाला काय बोलता? रोज पहाटे माझ्याकडे येऊन कॉफी प्यायचा. माझ्या सिलिंडरवरची. जेवायचासुद्धा इथंच, तुमच्यापुढं नुसतं चिवडायचा. म्हणायचा, कोपरापर्यंत हात शेणाच्या काल्यात घालतो, मग त्याच जाळावरचं तोंडाशी नेलं की उमळून येतं. तिला सांगू नको म्हणायचा. तिचा खोकला गेलाय, ती खुशीत आहे."

तुमिनाह पानं न घेताच घरी आली. गल्ली गेली खड्ड्यात. गल्लीचं दुःख तिनं कधीच गिळलं असतं. पण पार्जान? शेवटच्या दुखण्यात तो अंथरुणावरून उठू शकत नव्हता. ती पेजेची वाटी घेऊन बसायची आणि तो म्हणायचा, भूक नाही. ती समजायची, दुखण्यानं खाल्लं माणसाला. एका शब्दानं सांगितलं असतं तर त्याच्यापुरती लाकडाची चूल मांडली असती तिनं, आनंदानं खोकली असती. त्यानं प्रेमानं लपवलं म्हणे. असलं प्रेम काय चुलीत घालायचंय? वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट एकट्या बायकोला ठाऊक नव्हती.

हजाराव्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका रिवाजाप्रमाणं रांधायला आल्या आणि दारातच घुटमळल्या. परसातली गोष्ट एव्हाना सगळीकडे झाली होती.

"उभ्या काय राहिलात?" तुमिनाह म्हणाली. "जा, आपापली खरबुजं घेऊन या. आज माझ्या शेगडीवर काही शिजणार नाही. खा पोटभर."

बायका एकमेकींकडे न बघता गेल्या आणि सिलिंडर घेऊन आल्या. अंगणात भात शिजला, कोंबडी शिजली. तुमिनाह खोबरं खवत बसली होती.

पुरुष यायची वेळ झाली. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी त्याच्या फोटोपुढं ठेवतात. पार्जानची आवड सगळ्यांना माहीत होती. सरिंतेननं हळूच किटली उचलली आणि अंगणातल्या सिलिंडरवर ठेवली.

तुमिनाह उठली. तिनं किटली खाली उतरवली, आत नेली आणि गोबरगॅस पेटवला.

"वहिनी, राहू द्या ना आजच्या दिवस," सरिंतेन दारातून म्हणाली. "त्याला नाही चालायचं."

"त्याची कॉफी मी करणार, इथंच," तुमिनाह म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "बघू, आज उठून कुणाच्या घरी जातोय प्यायला."