दमयंतीबाईंच्या गच्चीवरची कॉफी

राहुरीत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेली माणसं दोन प्रकारची. एक सकाळी फिरायला जातात, आणि दुसरी त्यांना फाटकात अडवून आपली झाडं दाखवतात. माधवराव दुसऱ्यांतले. उभा जन्म आस्थापना विभागात फायली हलवण्यात गेला. पण निवृत्त झाल्यापासून असे बोलतात, की सगळं संशोधन यांच्याच टेबलावरून झालं असावं. चिकमगळूरच्या सहलीहून बाकीच्यांनी मिरी-वेलदोडे आणले, यांनी कॉफीची रोपं आणली. बसमध्ये मांडीवर ठेवून. त्यातली निम्मी बायकोच्या, दमयंतीबाईंच्या, मांडीवर होती, एवढंच सांगायचं ते विसरतात.

चिकूखाली लावलेल्या त्या रोपांना यंदा चौथं वर्ष. पाणी कुणी घातलं, वैशाखात गोणपाटाचा आडोसा कुणी बांधला, हे गल्लीत कुणाला विचारायची गरज नाही. माधवराव ती रोपं पाहुण्यांना दाखवत होते, तेही काम कमी नव्हतं म्हणा.

दमयंतीबाई मात्र दमल्या होत्या. आजार असा काही नाही. घर मोठं, अंगण त्याहून मोठं, आणि गुडघे दोनच. पुण्यात लेकीच्या, ईराच्या, इमारतीला लिफ्ट होती. तिनं एक खोली आईवडिलांसाठी कधीची रिकामी करून ठेवली होती. माधवराव हलत नव्हते. दिवाळीत फारच विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "घरची कॉफी एकदा पिऊ. पिण्यासारखी झाली तर इथंच राहायचं. नाही झाली तर होळीच्या आत ईराकडे. मग मी एक शब्द बोलणार नाही."

एक शब्द न बोलणारे माधवराव कुणी पाहिले नव्हते, तरी दमयंतीबाईंनी ते कबूल केलं.

फळं लाल व्हायला लागली आणि माधवरावांना धीर निघेना. दोन दिवसांत त्यांनी फांद्या ओरबाडून टोपली दमयंतीबाईंपुढे ठेवली. वर भाषणही दिलं. "कॉफीची चव आधी हवा ठरवते आणि मग वाळवणारा हात. डोंगरावर गारवा, धुकं. फळ सावकाश पिकतं, बी भरतं. फळ सोलून, धुऊन वाळवलं तर चव स्वच्छ, जराशी आंबूस. सालासकट वाळवलं तर गोडसर, जड. आणि मलबारच्या किनाऱ्यावर तर पावसाळ्यात उघड्या गोदामांत बी पसरून ठेवतात. समुद्राचं दमट वारं पिऊन ते फुगतं, पिवळं पडतं, आंबटपणा निघून जातो."

"आपल्याकडे कुठलं वारं आहे?" दमयंतीबाईंनी विचारलं.

माधवरावांनी थोडा विचार केला. "आपल्याकडे ऊन आहे. आपण सालासकट वाळवू."

आपण म्हणजे कोण, हे त्यांना विचारावं लागलं नाही. टोपली उचलून त्या जिना चढल्या.

गच्चीवर जुनी साडी अंथरून फळं एका थरात पसरायची, दिवसभर हलवायची, दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. पलीकडच्या गच्चीवर खुर्शीदभाभी मिरच्या निवडत असत. मसाल्याचा घरगुती धंदा, आणि जीभही त्याच तिखटाची.

"ताई, कशाला एवढ्या मरताय? दोन रात्री दवात राहू द्या की. बुरशी धरली का झालं. तुमी सुटल्या, भाऊजी गप."

"मनात आलंच नाही असं समजू नका," दमयंतीबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या खरंच खालीच बसून राहिल्या. गुडघा ठणकत होता. वर न जाणं एवढंच करायचं होतं, म्हणजे काहीच करायचं नव्हतं. अंधार पडायला आला तशा त्या उठल्या, स्वतःवरच चरफडत वर गेल्या आणि फळं झाकून आल्या. लग्न झाल्यापासून त्यांच्या कुरडईला कधी वास आला नव्हता, सांडग्याला कधी बुरशी लागली नव्हती. हात ऐकेनात, त्याला त्या काय करणार?

फळं खुळखुळ वाजायला लागली, तेव्हा त्यांनी ती उखळात कांडली, सुपात पाखडली. पाखडताना निम्मं बी फोलपटाबरोबरच उडून जायला लागलं, इतकं हलकं. खुर्शीदभाभींनी आपल्या लोखंडी कढईत ते भाजून दिलं. मग मिक्सरमधून काढून माधवरावांनी स्वतःच्या हातांनी कॉफी केली. आधी बिनदुधाची, कारण जाणकार तशीच पितात.

तिघं अंगणात बसली. माधवरावांनी घोट घेतला. तोंडात घोळवला. खूप वेळ घोळवला.

"कशी हाय भाऊजी?" खुर्शीदभाभींनी विचारलं.

"कडबा उकळल्यासारखी," माधवराव म्हणाले. दुसरा घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा पार उतरला होता. "पातळ. वास नाही, गोडी नाही. मी शब्दाचा पक्का आहे. ईराला कळव, येतो म्हणून."

दमयंतीबाईंना हायसं वाटलं. पाय लांब करून त्या भिंतीला टेकल्या. एवढ्यात माधवराव हळूच म्हणाले, "झाड चांगलं होतं गं. वाळवण्यात काहीतरी राहिलं असणार. असू दे, तुझंही वय झालं."

दमयंतीबाईंनी पाय जवळ घेतले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. होतं असं."

"वाळवण्यात काही राहिलेलं नाही. बुरशीचा वास येतोय? आंबल्याचा येतोय? नाही ना? अहो, तुम्हीच सांगता, गारव्यात फळ सावकाश पिकतं तेव्हा बी भरतं. इथं दिवाळीपर्यंत ऊन भाजत होतं. फळं वरून लाल झाली, आत पोकळ. सुपात उडत होती. आणि तुम्ही पिवळी, हिरवी, सगळी एकत्र ओरबाडलीत. माझ्या हातात आलं तेच मुळी अर्धं मेलेलं."

"ताई," खुर्शीदभाभी पुटपुटल्या, "गप बसा."

पण त्या आता थांबणाऱ्या नव्हत्या. "एका चिकूची सावली पुरते होय त्यांना? वरून जाळी हवी, दुपारी पाण्याचे फवारे हवेत, आणि पिकेल तसं एकेक लाल फळ तोडायला हवं. मग द्या माझ्याकडे, आणि मग बघा चव कशी येत नाही ते."

माधवरावांनी कप पुन्हा उचलला होता. डोळ्यांत उजेड आला होता. "म्हणजे जाळी टाकली तर जमेल म्हणतेस?"

खुर्शीदभाभींनी पदर तोंडाला लावला. आपण काय बोलून बसलो, हे दमयंतीबाईंना तेव्हा कुठं उमगलं. शब्द मागे घ्यायचा, तर वाळवण बिघडलं होतं असं म्हणावं लागणार होतं.

संध्याकाळी ईराचा फोन आला. "आई, ठरलं ना मग? कधी येताय?"

"पुढच्या वर्षी."

"अगं, तूच म्हणत होतीस ना?"

"हो. पण माझ्या वाळवणाला नाव ठेवून घेऊन निघायचं नाहीये मला. बाबा जाळीचं बघतायत." मग आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "ती खोली कुणाला देऊ नकोस मात्र. आणि खाट खिडकीपाशी लावून ठेव."