तीन राज्यांतल्या ठेवी

या वयात आठवणींवर किती भरवसा ठेवावा, मला शंकाच आहे. त्यातून मी जन्माचा धास्तीखोर. घडलेलं कोणतं आणि नुसतीच काळजी केलेलं कोणतं, याचा माझा नेहमी घोळ होतो. पण सांगलीतल्या आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतले किस्से मात्र साठतच गेले. कोणताही आठवला तरी हसू यायच्या आधी संताप येतो.

*

गणिताचे बापटमास्तर निवृत्त झाले तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. त्यांना मुलगा नव्हता. एकुलती मुलगी साताऱ्यात दिलेली. त्यांचा एकच हट्ट होता, "जावयाच्या दारात राहायला जायचं नाही." आयुष्यभर साठवलेला फंड हाती आला, तो त्या हट्टासाठीच जपायचा होता.

हेडमास्तर केतकरांनी सल्ला दिला, "बापट, सगळं एका राज्यात ठेवू नका." सांगली आमचं संस्थान, मिरजेला वेगळे राजे आणि सातारा इंग्रजांचा. "इंग्रज गेला तर दोन राजे आहेत, राजे गेले तर इंग्रज आहे." शाळेच्या उत्तरपत्रिका वेगवेगळ्या गावांच्या परीक्षकांना वाटायची केतकरांची पद्धत होती. तीच त्यांनी बापटांच्या म्हातारपणाला लावली!

त्या खोलीत अर्थशास्त्राचा एम.ए. मी एकटा. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण विचारायला नको?

*

चौकशीला केतकर आणि बापट निघाले, तेव्हा न विचारताच मीही बरोबर गेलो. सांगलीत एक बँक होती, मिरजेत एक फायनान्स कंपनी आणि साताऱ्यात लोकांच्या ठेवी घेणारी एक तेलाची गिरणी. तिन्ही ठिकाणचे चालक मोठे गोड बोलले. सांगलीचे म्हणाले, थोडे मिरजेतही ठेवा, सज्जन माणसं आहेत. मिरजेच्यांनी साताऱ्याच्या गिरणीची तारीफ केली. गिरणीवाल्यांनी सांगलीच्या बँकेची.

परतताना केतकर भारावून म्हणाले, "धंद्यात इतकं मोठं मन पाहिलं नव्हतं मी."

तिन्ही ठिकाणी आमच्यापुढे साताऱ्याचे कंदी पेढे आले. सांगलीतसुद्धा. मी दोन खाल्ले.

*

आमचे ड्रिलमास्तर गायकवाड मेढ्याकडचे, पलटणीतून आलेले. सगळा बेत ऐकून घेऊन ते म्हणाले, "आवं हेडमास्तर, कागदं बघितलीसा, बरं केलंसा. पर त्यांचं पाव्हणं कोण हायत?"

गायकवाड हे सगळ्यांनाच विचारत. शाळेत नवा शिपाई आला तरी आधी पाव्हणं कोण ते विचारायचे. केतकर तडकले, "गायकवाड, आपण ठेव ठेवतोय, सोयरीक जुळवत नाही." बापटांचा फंड तीन वाटे करून तिन्हीकडे ठेवला गेला.

आणि गायकवाड तरी कुठले शहाणे! पलटणीतून मिळालेला सगळा पैका त्यांनी लष्कराच्या एका मोडीत काढलेल्या लॉरीत घातला. "बर्मात जाऊन आल्या ती, आपल्या घाटाला काय भिणार?" महाबळेश्वरच्या एका पावसाळ्यात ती घाटाला भ्याली. नंतर मेढ्यात तिच्यात त्यांच्या कोंबड्या राहत.

*

पुढे इंग्रज गेला. संस्थानं विलीन झाली. सांगली, मिरज, सातारा, सगळं एकाच राज्यात आलं. शाळेत पेढे वाटत होते आणि त्यासाठी बोलावलेले बापटमास्तर कोपऱ्यात पांढरेफटक बसले होते. त्यांची तिन्ही राज्यं गेली होती.

केतकर मात्र डगमगले नाहीत. खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "बापट, आता गोवा. तिथे अजून पोर्तुगीज आहेत."

काय बोलावं या माणसापुढे!

*

गोव्याला जायची वेळच आली नाही. आधी सांगलीच्या बँकेला कुलूप लागलं, पाठोपाठ मिरजेची कंपनी गेली आणि मग गिरणी. एकमेकांचा पैसा एकमेकांत अडकला होता म्हणे. केतकरांचा एकच प्रश्न, "पण तीन वेगळी गावं होती ना?" माणसाने इतकं शिकून इतकं भाबडं राहावं, याचा मला आजही राग येतो. बुडवणाऱ्यांचा तर येतोच.

बापटमास्तर साताऱ्याला गेले. जावई चांगला होता. त्याने स्वतःची खोली त्यांना दिली. मी भेटायला गेलो तर मास्तर ओसरीवर कोट घालून, टोपी डोक्यावर ठेवून बसलेले. भर उन्हाळ्याचे दिवस. मुलगी म्हणाली, "सहा महिने झाले काका, बाबा दिवसा कोट काढतच नाहीत."

मी म्हटलं, "मास्तर, उकडतंय. काढा की."

ते म्हणाले, "नको. पाहुणा आहे मी, निघायचंय."

त्या कोटातच दोन वर्षं काढून ते गेले.

*

बऱ्याच वर्षांनी साताऱ्यातच एका बड्या घरच्या लग्नाला जायचा योग आला. मांडवात यजमान कुणाकुणाचा मान करत होते. एका गालिच्यावर तीन गृहस्थ ओळीने बसलेले. डोक्याला एकसारखे फेटे, पुढे पेढ्यांची ताटं. तिन्ही चेहरे कुठेतरी पाहिलेले वाटले. एक सांगलीत, एक मिरजेत, एक गिरणीत. पण माझा माझ्या आठवणीवर विश्वास नाही, म्हणून आधी मुलीच्या मामाला विचारलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून भटजींना गाठलं.

दोघांनीही तेच सांगितलं. तिघेही त्या घरचे जावई होते.