पाणपोईच्या जागेवरची तारामती

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की समोरची पीसीओची पिवळी पाटीही दिसेना. आग्रा रोडवरचे ट्रक आधी ऐकू येत, मग दिसत. तारामतीनं भट्टी पेटवली, खाटा झटकल्या, आलं ठेचलं. आज पंच तिच्याच ढाब्यावर बसून ठरवणार होते, ही जागा तिच्याकडं ठेवायची का नाही.

तारामती कराडकडची. नवरा हणमंत ट्रकवर होता. दूर उत्तरेत, कानोत्याच्या अलीकडच्या या गावात त्यानं ढाबा टाकला, आणि मागल्या उन्हाळ्यात तो वारला. जागा गावाची. गावातल्याच भँवरलालला तिथं दारूचा ठेका हवा होता.

पंच आले. तिनं सवयीनं सगळ्यांच्या हाती चहाचे मातीचे कुल्हड दिले.

"परमुलखातली बाई," भँवरलाल म्हणाला. "आज इथं, उद्या गठुडं बांधून चालती होईल."

पंचांतल्या म्हाताऱ्या गोविंदजींनी पगडी सावरली. "गाव कशावर वसलं, विसरलास? माझ्या पणज्यानं इथं पाणपोई घातली. उंटवाले थांबले, दोन घरं झाली, मग गाव झालं. त्या जागेवर दारू विकतोस? तारामती आजपासून गावची बेटी. बेटीला कोण उठवतो, बघतोच!"

तिचे डोळे भरले. तेवढ्यात एका पंचानं न पिताच कुल्हड खाली ठेवला. मग दुसऱ्यानं. शेवटी खुद्द गोविंदजींनी.

इथं बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. ट्रकवाले कधीमधी थांबत, रोजचं गिऱ्हाईक गावचंच; आता गावच बाप झालं, तर ढाब्यावर येणार कोण?

भँवरलाल मिशीत हसला. "जागा राहिली, गिऱ्हाईक गेलं! बघू किती दिवस चूल पेटते."

गोविंदजींचा चेहरा उतरला. चौघांत दिलेला शब्द गिळता येईना. चहावर साय धरायला लागली.

तारामतीनं पातेलं उतरवलं आणि पदर पार नाकापर्यंत ओढला. "बाबूजी, बेटी नको. लेक म्हंजे पाव्हणी, जायचीच. मला सून म्हणा."

"काय?" गोविंदजींनी विचारलं.

"हणमंतला तुम्ही बेटा म्हणायचा. खांदाबी तुम्हीच दिला. मग मी कोण लागले? आन् सुनंच्या हातचं खायला कुठल्या सासऱ्याला बंदी हाय?"

"सून सासऱ्यापुढं एवढं बोलते होय?" भँवरलालनं टोचलं.

"सासरा मुका बसला, तर बोलावंच लागतंय, भैया."

कुणीतरी फसकन हसलं. गोविंदजी नाही हसले. त्यांनी कुल्हड उचलला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"थंड झाला, बहू. दुसरा टाक."

तारामतीनं आल्याचा तुकडा घेतला आणि ठेचायला बसली.