मोरिता-सानांचा रोलर मी थांबवला तेव्हा

पोरींनो, आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच "हो बाजूला" म्हणते. आईने पाठवलेला काळा दोरा तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून आहे. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून आता वैताग आलाय...

मी सिव्हिल इंजिनियर, मूळची पुण्याची, सध्या जपानमध्ये, नागोयात. आमची कंपनी सुपरमार्केट, मॉल वगैरेंची पार्किंग बांधते. "पार्किंग? त्यात कसलं आलंय इंजिनियरिंग!" असं माझा सख्खा भाऊ म्हणतो. अरे बाबा, इथे येऊन बघ एकदा! वर्षानुवर्षं मालाचे ट्रक वळतात, तरी खड्डा नाही, पावसात डबकं नाही. वरचं डांबर जेमतेम चार बोटं. खरी मेहनत खालच्या खडीत. आणि त्यातले उस्ताद म्हणजे आमचे मुकादम, मोरिता-सान. साठी कधीच उलटलीय, पण रोलर स्वतः चालवतात. खडीवर बुटाची टाच आपटून सांगतात, "इथे अजून दोन फेरे." मशीनने तपासलं की तेच निघतं. मी तर अवाक व्हायचे.

इथे मशीन सुरू करण्याआधी प्रत्येक जागेकडे बोट दाखवून मोठ्याने "योशी!" म्हणायचं, म्हणजे "ठीक आहे". सुरुवातीला मला भयंकर लाज वाटायची. एकदा मोरिता-सानांनी झापलंच, "केतकी-सान, पुटपुटू नका. मोठ्याने म्हटलं की माणूस नीट बघतो." तेव्हापासून खणखणीत ओरडते.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन. एका सुपरमार्केटचं पार्किंग. मागच्या कोपऱ्यातली जुनी शेड नुकतीच पाडली होती, त्यामुळे तिथल्या खडीवर फक्त छोटं मशीन फिरलं होतं. आता दहा टनी रोलरचा शेवटचा फेरा, की लगेच डांबर. ट्रक गेटवर उभा होता. निवलं तर सगळं डांबर फुकट. मोरिता-सान रोलरवर बसलेले, इंजिन अजून बंद.

मी कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडले, "योशी!"

तिकडून उत्तर आलं — "मादा." म्हणजे "अजून नाही." म्हाताऱ्या बाईचा आवाज. स्पष्ट.

कोपऱ्यात कुत्रंही नव्हतं. मी पुन्हा ओरडले. पुन्हा "मादा." तिसऱ्यांदा तर ती माझ्यावर खेकसलीच! पोरींनो, प्रतिध्वनी उलट बोलत नाही हो...

सगळे टेस्ट रिपोर्ट पास. थांबवायचं तर कारण काय सांगू? परदेशी बाई, त्यात हे असलं काहीतरी. नोकरीत माझं हसं झालं असतं. पण रोलरवर मोरिता-सान बसले होते. मी धावत गेले आणि जे ऐकलं ते तसंच सांगून टाकलं.

ते हसले नाहीत. "मला काही ऐकू आलं नाही," म्हणाले. मग एवढंच विचारलं, "कोणता कोपरा?" खाली उतरले, डांबराचा ट्रक परत पाठवला आणि जेसीबी मागवला. काय माणूस आहे!

तीन फुटांवर कुजलेल्या फळ्या लागल्या. खाली विहीर. टाकलेला दगड पाण्यात पडायला बराच वेळ लागला. कुठल्याच नकाशात तिची नोंद नव्हती. नंतर पुजाऱ्याकडून मंत्र म्हणवून घेऊन, वाळू भरून ती रीतसर बुजवली, आणि विहिरीला श्वास घेता यावा म्हणून इथल्या पद्धतीप्रमाणे आत एक नळी ठेवली. कंपनीने माझ्या "तीक्ष्ण नजरेचं" कौतुक केलं. कसली नजर! तो आवाज कोणाचा होता, मलाच का ऐकू आला, मला आजही सांगता येत नाही.

विहीर सापडली त्या दुपारी मोरिता-सानांनी डबा उघडलाच नाही. कामावर फोनला हात न लावणारा हा माणूस कुंपणाशी उभा राहून बायकोशी बोलत होता. मी पाणी द्यायला गेले तेव्हा एवढंच कानावर पडलं, "काही नाही गं, सहज केला. संध्याकाळी येतोय घरी."