आधी खुर्च्या

"आधी खुर्च्या," असं म्हणत ते माझ्या टेबलाभोवती खुर्च्या मांडायला लागले. डार्मश्टाटमधल्या माझ्या एका खोलीत खुर्च्या दोनच होत्या. तिसरीच्या जागी त्यांनी कोपऱ्यातला जड खोका ओढला, चौथीच्या जागी बादली उलटी घातली. मग पेन्सिल कानामागून काढून म्हणाले, "हं. आता सांग, इथं कोण कोण बसणार?"

आरोग्यविम्याचा सल्लागार म्हणून बोलावला, तर हा संगीतखुर्ची खेळायला आलेला!

तेव्हा युरो नवा होता आणि मीही. जर्मनीत नोकरदाराला आरोग्यविमा घ्यावाच लागतो. पगार बऱ्यापैकी असेल तर दोन वाटा. एक सर्वांची, कासे नावाची, तिथं पगाराच्या प्रमाणात भरायचं. दुसरी खासगी. ती तरुण, धडधाकट, एकट्या माणसाला स्वस्त पडते, वर दवाखान्यात स्वतंत्र खोली आणि खुद्द मोठा डॉक्टर. एकदा तिकडं गेलात की परतणं महाकठीण. आमच्या ऑफिसातले पुण्याचे मित्र सगळे खासगीतले. त्यांच्या सर्दीलासुद्धा दवाखान्याचा विभागप्रमुख लागे.

माझं घर पत्रकांचं. वडील नागपुरात सूतगिरणीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. पुढून समता, मागून त्रैराशिक. असा मुलगा कुठला विमा निवडेल, ओळखा पाहू. बरोबर. खासगी. अर्जावर सही तेवढी बाकी होती.

ते कुठल्याच एका कंपनीचे नव्हते, स्वतंत्र होते. स्वतंत्र म्हटलं की मला आमच्याकडचे अपक्ष उमेदवार आठवतात. निकालाच्या संध्याकाळपर्यंतच अपक्ष. त्यातून दादरहून येऊन तीस वर्षं झालेली, कोपरांना ठिगळं लावलेलं स्वेटर, दर दोन वाक्यांना "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", आणि आडनाव असं की ऐकताक्षणी मी मनात आरोपपत्र तयार ठेवलं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. आपण त्याच्यावर खटला भरलेला असतो आणि तो आपल्याकडे पाणी मागत असतो.

"एका खुर्चीवर मी," मी म्हणालो. "दुसरीवर तुम्ही."

"मी कॉफी पिऊन जाणार. मला धरू नकोस. या खोक्यावर कोण?"

"बायको. प्रज्ञा. व्हिसा झाला की येईल."

"गेनाऊ. आणि बादलीवर?"

"कुणी नाही."

"अजून नाही," म्हणत त्यांनी लिहून घेतलं. "आल्झो, तर मग, बायकोला काही आजार?"

"नाही."

हे उत्तर माझ्या तोंडातून फारच लवकर निघालं. प्रज्ञाला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा रक्ताचा आजार घराघरात असतो आणि विचारलं तर कुणाच्याच घरात नसतो. प्रज्ञानं मात्र पहिल्याच भेटीत रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढं ठेवला होता. "आधी हे वाच, मग चहा मागव," म्हणाली होती. आणि निघताना आई मला म्हणाली होती, "तिकडं कुणाला सांगत बसू नको, बाबा." बघा, मी कुणाचं ऐकलं ते.

त्यांनी पेन्सिल ठेवली. खोक्याकडे बोट केलं.

"तिच्यासमोर म्हण."

"काय?"

"ती इथं बसलीय. तिच्याकडे बघून म्हण, हिला काही नाही."

चौकाचौकात भाषणं ठोकलेला मी. एका खोक्यासमोर दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा "हिला"वरच अडलो. शेवटी सांगितलं. ते दचकले नाहीत, हळहळलेही नाहीत.

"खासगीवाले हा प्रश्न विचारणार. खरं लिहिलंस तर तिला घेणार नाहीत. खोटं लिहिलंस तर घेतील, आणि ती कण्हत पडलेली असताना बाहेर काढतील. कासे विचारतच नाही. ती तुझ्या विम्यात, वेगळे पैसे नाहीत. बादलीवाला आला तर तोही."

"पण खासगीत मला…"

"अरे, तिला कशावर बसवलंय ते तरी वाच!"

खोका वडिलांच्या पत्रकांचा होता, वरच एक चिकटवलेलं, मोठ्या अक्षरात "समता". मी आठवण म्हणून आणला होता. उघडला मात्र नव्हता.

त्यांनी माझा खासगीचा अर्ज फाडून बादलीखाली सरकवला. त्यांना कमिशन खासगीचंच मिळे, हे मला ठाऊक होतं. मी जरा खवचटपणेच विचारलं, "मग यात तुम्हाला काय मिळालं?"

"कॉफी. तीही तू अजून दिली नाहीस."

प्रज्ञा आली आणि पहिल्याच थंडीत तिचं दुखणं उठलं. दवाखान्यात तिचं कार्ड घेतलं आणि तिला आत नेलं. विम्याबद्दल पुढं एक अक्षर कुणी विचारलं नाही. तीन खाटांची खोली होती. शेजारच्या आजीबाईंनी स्वतःचे लोकरी मोजे तिच्या पायात चढवले. विम्याचे काका भेटायला आले, खुर्ची ओढून बसले. तिथं मी विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या कासेत?"

"मी? प्रिवाट. खासगी."

मी आ वासला.

"तेव्हा माझ्या टेबलाला एकच खुर्ची होती. अगदी योग्य निवड."

"आणि नंतर?"

"नंतरही योग्यच निघाली ना," ते हसून म्हणाले, आणि प्रज्ञाला संत्रं सोलून देत बसले.

पाचेक वर्षांनी आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा खाटेवर ते होते. स्वतंत्र खोली, बागेकडे खिडकी, जेवणाला छापील यादी. मोठा डॉक्टर रोज स्वतः येऊन हात मिळवून जाई. पाहुण्यांसाठी खुर्ची एक.

"आधी खुर्च्या," ते पुटपुटले. मी बाहेरून दोन उचलून आणल्या. नर्सनं डोळे वटारले. आमची चार वर्षांची लेक तिसऱ्या खुर्चीवर चढून बसली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

तिला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मनच. तिनं ठणकावून सांगितलं की मी बादलीवाली.

ते इतके हसले की खोकला लागला. "गेनाऊ," म्हणाले. "गेनाऊ."

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा खाटेवर नवी चादर ताणून बसवलेली होती. नर्सला खुर्च्या उचलायला वेळ मिळाला नसावा. तिन्ही तशाच होत्या, खाटेकडे तोंड करून.