पायाची नस पोटात दबली होती

"बाबाजी, रोग पायात नाहीच. पोटात नस दबली आहे," डॉक्टरीणबाईनं मशीनच्या पडद्याकडे पाहत सांगितलं. दोन वर्षं मी डावा पाय ओढत फिरून राह्यलो होतो, अन् बाई म्हणते रोग पायात नाई. मले संताप आला.

पवनारले नदीकडेले माझी भाजीची वाडी. शाळा चौथीपर्यंत. आधी संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, मग पिंडरी फुगली, मग मांडी. दिवसभर ओलीत केलं की पाय लाकडावाणी जड. वाडीत उभं राहता येत नसन तं मी कशाचा माळी?

कोणी हत्तीरोग म्हणे, कोणी वात. सगळ्यांच्या गोळ्या खाल्ल्या. मग डॉप्लर सोनोग्राफी सांगितली. म्हणजे अंगाले थंड मलम लावून मशीन फिरवतात, नसेतलं रक्त वाहताना पडद्यावर दिसते, सूं सूं आवाज येते. दुखत नाई. दुखते ते बाकड्यावर चार तास बसणं. मांडीपर्यंत पाह्यलं, रिपोर्ट नॉर्मल. सहा महिन्यांनी पुन्हा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

आता माझी चूक सांगतो. दोन्ही वेळा आदल्या दिवशी मी पाय उशीवर ठेवून पडून राह्यलो. सकाळी धुतला, तेल चोळलं, लुगड्याच्या पट्टीनं आवळला, पट्टी दवाखान्याच्या दारात सोडली. मेथीची जुडी बाजारात न्यायची तं आम्ही धुऊन, बांधूनच नेतो. सुजका, चिखलाचा पाय साहेबापुढं ठेवाची लाज वाटे.

तिसऱ्यांदा दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तसाच सजून. तिथं संग आलेल्या बायकोनं, आमच्या म्हातारीनं, सांगून टाकलं, "बाई, हे घरून पाय सजवून आणते. खरा पाय घरी मलेच दिसते."

डॉक्टरीणबाई हसली. "बाबाजी, पाय विकायला आणलाय का? परवा वाडीतून सरळ या. बांधायचं नाही, चोळायचं नाही, काही खायचं नाही."

गेलो चिखलासकट, मान खाली घालून. बाईनं मांडीपाशी मशीन थांबवलं नाई, बेंबीखाली दाबलं. उजव्या पायाची धमनी डाव्या पायाच्या नसेवरून जाते म्हणे. तिच्या अन् कण्याच्या मधात माझी नस चेपली होती. पाण्याच्या पाइपावर बैलबंडीचं चाक उभं राह्यलं की पाणी मागं तुंबते, तसं. रक्ताची गाठ झाली अन् ती फुफ्फुसात गेली तं जीव जाते, असंही बाईनं सांगितलं.

"मंग आधीच्या डॉक्टरायनं वर काऊन नाई पाह्यलं?"

"पाहायला हवं होतं," बाई म्हणाली. "पण तुम्ही त्यांना चांगलाच पाय दाखवलात."



नागपूरले स्टेंट टाकला. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी, दबलेली नस उघडी ठेवाले. सोनोग्राफीत पाहूनच मांडीच्या नसेत सुई घातली, तिथून नळी वर सरकवली. दुसऱ्या दिवशी डॉप्लर लावला तं आवाज असा मोकळा, जसं पाटात पाणी सोडलं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. घट्ट मोजा घालतो, त्याचा राग येते. दोन वर्षं गेली त्याचा राग अजून गेला नाई, अर्धा डॉक्टरांवर, अर्धा माझ्यावर. म्हातारी तोंड उघडून बोलली म्हणून वाचलो. हे तिले सांगितलं नाई, इथं लिहितो. तुमचा एकच पाय सुजत असन तं पोटापर्यंत पाहाले सांगजा, अन् पाय आहे तसाच नेजा.

मागच्या तपासणीले वाडीतून सरळ बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पाय तं धुऊन याचे."

"डॉक्टरले दाखवाचे हाय," म्हटलं, अन् पाय लांब करून बसलो.